एक की अनेक? : इंग्रजीतील समूहवाचक नामांविषयी

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने कळविले. ज्याचे आयुष्य इंग्रजी शिकविण्यात गेले, त्याच्याकडून आठवणींची अपेक्षा असणे साहजिक आहे. परंतु आठवणी इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील, याची मला खात्री आहे. म्हणून मी व्याकरणातील एका धड्याविषयी लिहितो. ‘कलेक्टिव्ह नाउन’, म्हणजे समूहवाचक नाम, हा तो धडा. वर्गात तो मी दरवर्षी एका तासिकेत उरकीत असे आणि घंटा झाल्यावर दरवर्षी वाटे, की मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच.

वरचीच दोन वाक्ये पुन्हा पाहावीत. ‘संपादक मंडळाने कळविले’ असे मी लिहिले. मंडळात पाचसात माणसे आहेत. तरी ‘मंडळाने’ हे एकवचन आहे. लगेच पुढे ‘इतर मंडळी लिहितील’ असे लिहिले आणि तेथे क्रियापद अनेकवचनी झाले. ‘मंडळ’ आणि ‘मंडळी’ यांत एका वेलांटीचा फरक. पण एक शब्द माणसांना एका गाठोड्यात बांधतो, दुसरा त्यांना सुटे ठेवतो. मराठी बोलताना आपण हा भेद न शिकता पाळतो. इंग्रजी लिहिताना मात्र याच ठिकाणी अडखळतो आणि ‘इज’ लिहावे की ‘आर’, या विचारात पेन थांबते.

मराठी व्याकरणात समूहवाचक नामाला स्वतंत्र घर नाही. सामान्यनामाच्याच पोटात त्याला जागा दिलेली असते. शाळाशाळांतून वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या इंग्रजी व्याकरणातही ते सामान्यनामाच्याच आश्रयाला आहे. बहुतेक क्रमिक पुस्तकांत मात्र नामांचे पाच प्रकार मांडून त्यांत त्याला वेगळा क्रमांक दिलेला असतो आणि खाली एक यादी असते. सिंहांचा ‘प्राइड’, हंसांचा ‘गॅगल’, लांडग्यांचा ‘पॅक’, कावळ्यांचा ‘मर्डर’. परीक्षेत रिकाम्या जागा भरावयाच्या असतात. मुले यादी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे.

कारण या यादीचा जन्म सामान्य माणसांच्या बोलण्यात झालेलाच नाही. इंग्लंडमध्ये १४८६ साली छापलेले ‘बुक ऑफ सेंट अल्बन्स’ नावाचे एक पुस्तक आहे. ससाण्याकरवी पक्षी कसे मारावेत, शिकार कशी करावी, कुलचिन्हे कशी ओळखावीत, असे विषय त्यात आहेत. म्हणजे ते जमीनदार आणि सरदार घराण्यांतील पुरुषांसाठी होते. त्यात प्राणी, पक्षी आणि माणसे यांच्या समूहांना कोणता शब्द लावावा, याची लांबलचक यादी आहे. सिंहांचा ‘प्राइड’ आणि हंसांचा ‘गॅगल’ तेथलेच. त्यांतले काही शब्द शिकाऱ्यांचे, तर पुष्कळसे निव्वळ गमतीचे आहेत. जोगिणींच्या समूहाला तेथे ‘सुपरफ्लुइटी’ म्हटले आहे, म्हणजे गरजेपेक्षा अधिक झालेल्या! योग्य शब्द ठाऊक असणे ही कुलीनतेची खूण आणि ठाऊक नसणे ही गावंढळपणाची, असा त्या यादीमागचा व्यवहार होता. पाच शतकांनंतर तीच यादी आदिवासी पाड्यावरून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच शाळेत पोहोचलेल्या मुलीपुढे ठेवली जाते आणि तिला ‘प्राइड’ आठवला नाही म्हणून एक गुण कापला जातो. मीही कापले आहेत. आज ते परत देता आले असते, तर दिले असते.

त्या यादीत बिबट्यांसाठीही शब्द आहे : ‘लीप’. जुन्नर आणि आंबेगावच्या वाचकांना याचे हसू येईल. उसाच्या फडात बिबट्या शिरला, माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेला, या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. बिबट्या एकटा हिंडतो. फार तर मादीबरोबर तिची पिल्ले असतात, हे आपल्याकडील लहान मूलही सांगेल. ज्या प्राण्याचा कळपच नसतो, त्याच्या कळपाचे नाव पाठ करण्यात काय अर्थ आहे?

उलट, ज्यांचे समूह खरोखर असतात, त्यांच्यासाठी आपल्या मुलांजवळ शब्दांचे भांडार आहे. इंग्रजीचा ‘बंच’ घ्या. द्राक्षे, केळी, किल्ल्या, फुले, कोथिंबीर, सर्वांना तो एकच शब्द चालतो. नारायणगावच्या बाजारात वावरलेल्या मुलाला हे फार तोकडे वाटेल. द्राक्षांचा घड किंवा घोस, केळ्यांचे लोंगर आणि लोंगरातली फणी, मेथी-कोथिंबिरीची जुडी, किल्ल्यांचा जुडगा, फुलांचा गुच्छ. आजी रानातून आणते ती लाकडांची मोळी. गवताची पेंढी, पेंढ्या रचल्या की गंजी. खळ्यावर धान्याची रास. मेंढरांचा कळप, पाखरांचा थवा, मुंग्यांची रांग, माशांचे घोंगावणारे मोहोळ. नारायणगाव ही तर तमाशाची पंढरी. तेथे कलावंतांच्या समूहाला ‘फड’ म्हणतात आणि उभ्या उसालाही ‘फड’च म्हणतात. पालकांना माझे सांगणे असे, की मुलाला समूहवाचक नामे शिकवायची असतील, तर प्रथम त्याला हे शब्द मोजायला लावावे. पन्नासावर सहज जातात. मग इंग्रजीतले रोजच्या उपयोगाचे पंधरावीस शब्द त्याला जड जात नाहीत : ‘टीम’, ‘क्लास’, ‘फॅमिली’, ‘कमिटी’, ‘स्टाफ’, ‘क्राउड’, ‘आर्मी’, ‘हर्ड’, ‘फ्लॉक’, ‘बंच’, ‘बंडल’, ‘सेट’, ‘ग्रुप’, ‘ऑडियन्स’, ‘ज्युरी’. ‘हर्ड’ हा गुरांचा किंवा हत्तींचा, ‘फ्लॉक’ हा मेंढ्यांचा किंवा पाखरांचा, एवढा भेद लक्षात ठेवला की झाले.

खरी अडचण शब्दांची नसून क्रियापदाची आहे.

मराठीत ‘मेंढ्यांचा कळप आला’ असेच म्हणावे लागते. आत शंभर मेंढ्या असोत, क्रियापद ‘कळप’ या पुल्लिंगी एकवचनी शब्दाचेच ऐकते. ‘कळप आल्या’ असे कोणी म्हणणार नाही. वऱ्हाड आले, जमाव पांगला, भावकी जमली, सगळीकडे हाच न्याय. ‘मंडळी’सारखा एखादा शब्द तेवढा दोन्हीकडे झुकतो. इंग्रजीत मात्र झुकण्याची ही मुभा बहुतेक समूहवाचक नामांना आहे. ‘टीम’ एकवचनीही असते आणि प्रसंगी तिचे क्रियापद अनेकवचनीही होते.

प्रसंग कोणता, हे ओळखण्यासाठी मी वर्गात एक उपाय वापरीत असे. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना तो आठवत असेल. सायंकाळी भोजनाची घंटा होते आणि इयत्ता आठवीचा वर्ग रांगेने भोजनगृहाकडे निघतो. येथे वर्ग एक आहे, त्याची चाल एक आहे. म्हणून ‘द क्लास इज गोइंग टू द डायनिंग हॉल’. जेवण होते. तोच वर्ग नळाजवळ ताटे घासावयास बसतो. आता चाळीस मुले मिळून एक ताट घाशीत नाहीत; प्रत्येकाच्या हाती आपापले ताट असते, एकाचे स्वच्छ निघते, दुसऱ्याच्या काठाला आमटी तशीच राहते. म्हणून ‘द क्लास आर वॉशिंग देअर प्लेट्स’. समूह एकजीव होऊन काही करीत असेल तर एकवचन. समूहातील माणसे सुटी सुटी दिसू लागली, त्यांच्यात भेद पडला, प्रत्येकाची वस्तू वा मत वेगळे झाले, की अनेकवचन. याला आम्ही ‘ताटाची कसोटी’ म्हणत असू.

नेसफील्ड यांच्या व्याकरणावर आपल्या देशातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यांनी या दोन अवस्थांना दोन नावे दिली होती. समूह अखंड असेल तेव्हा ‘कलेक्टिव्ह नाउन’ आणि त्यातील व्यक्ती वेगळ्या धरल्या तर ‘नाउन ऑफ मल्टिट्यूड’. त्यांचे उदाहरण ज्युरीचे होते. ज्युरी बारा जणांची असते, हे सांगताना एकवचन. ज्युरीतील लोकांची मते फुटली, हे सांगताना अनेकवचन. ‘नाउन ऑफ मल्टिट्यूड’ ही संज्ञा पुढे मागे पडली. मला तिचे वाईट वाटते, कारण शब्द तोच असून पाहणाऱ्याची नजर बदलते, ही गोष्ट ती स्पष्ट सांगत होती.

येथे एक इशारा द्यावा लागेल. ही मुभा सर्व इंग्रजी जगात सारखी नाही. अमेरिकेत ‘टीम’, ‘कमिटी’, ‘फॅमिली’ यांना सहसा एकवचनी क्रियापदच लावतात. ताटांचे वाक्य त्यांना खटकते आणि ते ‘द स्टुडंट्स इन द क्लास आर वॉशिंग देअर प्लेट्स’ असे लिहून मोकळे होतात. ब्रिटिश इंग्रजीत अनेकवचन अधिक सैलपणे चालते. क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्यांनी ‘इंडिया आर बॅटिंग’ हे ऐकले असेल. तेथे ‘इंडिया’ म्हणजे देश नव्हे, अकरा खेळाडू. अर्ज लिहिणाऱ्या किंवा परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने शंका असेल तेथे एकवचन वापरावे, ते कोठेही चुकत नाही. मात्र एकदा धरलेले वचन वाक्याच्या शेवटपर्यंत पाळावे. ‘द कमिटी हॅज गिव्हन इट्स रिपोर्ट’ हे बरोबर. ‘द कमिटी हॅज गिव्हन देअर रिपोर्ट’ यात समिती आरंभी एक आहे आणि तीन शब्दांनंतर अनेक झाली आहे. आपल्या संस्थांच्या इंग्रजी अहवालांत ही चूक मला फार आढळते.

‘अ बंच ऑफ ग्रेप्स इज ऑन द टेबल’ या वाक्यात मुले ‘ग्रेप्स’ला भुलून ‘आर’ लिहितात. घड एक आहे, म्हणून ‘इज’. घड तीन असतील तर ‘थ्री बंचेस आर’. समूहवाचक नामाचेही अनेकवचन होते, ही गोष्ट सांगितल्यावाचून मुलांच्या लक्षात येत नाही. ‘फर्निचर’ आणि ‘लगेज’ यांचे मात्र तसे होत नाही. ते समूहवाचक नव्हेत, न मोजता येणारे शब्द आहेत. ‘फर्निचर्स’ लिहू नये, एवढे पुरे.

वचनाच्या बाबतीत मराठी मुलांची एक चूक मला सर्वांत अधिक शिकवून गेली. पाचवीतील एका मुलाने घराविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात आईसाठी ‘इज’ होते आणि वडिलांसाठी ‘आर’. ‘माय मदर इज अ फार्मर. माय फादर आर अ फार्मर.’ मी लाल शाईने ‘आर’ खोडला. मग लक्षात आले, की मुलगा चुकला नव्हता. त्याने मराठीचे तंतोतंत भाषांतर केले होते. आई येते, वडील येतात. आपण आदराने एकाला अनेक करतो, आणि तो आदर घरात कोणाच्या वाट्याला येतो हेही क्रियापदातून कळते. इंग्रजीत आईबापांना एकच ‘इज’. मी त्या वर्गाला दोन्ही भाषांतली वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखविली. एका मुलीने विचारले, ‘मग आई येतात असे का नाही म्हणायचे?’ त्या तासाला पुढचे व्याकरण झाले नाही.

समूहाला एकवचनात धरण्यामागे काय असते, हे पाहण्यासाठी इंग्लंडला जाण्याची गरज नाही. शाळेच्या अंगणातून दिसणारे डोंगर पुरेत. लेण्याद्री, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांतील लेण्यांत ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील दानलेख आहेत. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांतील एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ. लेखात ‘सेणि’ हा शब्द एकवचनात आहे. व्यापारी किती होते, त्यांची नावे काय, कोणी किती दिले, काही लिहिलेले नाही. दाता एकच : श्रेणी. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचेही उल्लेख येथील लेखांत येतात. आदुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी शेतजमिनीचे उत्पन्न एका श्रेणीकडे सोपविल्याचा लेखही येथेच आहे. त्याने ते एखाद्या विश्वासू माणसाकडे का सोपविले नसावे? वडाचे झाड वाढून सावली देऊ लागेपर्यंत तो माणूस राहील, याची खात्री नव्हती. श्रेणी राहण्याची खात्री अधिक होती, असे मला वाटते. एकवचनाचे बळ ते हेच. आज आपली संस्था जमीन धारण करते, बँकेत खाते उघडते, तिच्या नावाने पावती फाटते. विश्वस्त बदलतात, संस्था तीच राहते. इंग्रजीत तेथे ‘द सोसायटी ओन्स’ असेच लिहावे लागते, ‘ओन’ नव्हे.

पण याच लेण्यांत दुसरेही वचन आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, त्या लेखात तो ‘गतां’पैकी आहे, असे सांगितले आहे, तेथे ‘गत’ शब्दाचे षष्ठीचे अनेकवचन आहे. ‘गत’ हे कुळाचे, गावाचे की जमातीचे नाव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वचन मात्र स्पष्ट आहे. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला, तो संघाला. आणि संघ पुन्हा एकवचनी. एका छोट्या लेखात एक माणूस नावाने, त्याचे लोक अनेकवचनात आणि संघ एकवचनात, असे तीन प्रकार एकत्र आले आहेत. भोजनमंडपच असल्याने माझी ताटाची कसोटी तेथेही लावता येते. संघाने मंडप स्वीकारला : ‘द संघा हॅज अक्सेप्टेड द हॉल’. भोजनाची वेळ झाली आणि भिक्खूंनी आपापली पात्रे हाती घेतली : ‘द संघा हॅव टेकन देअर बोल्स’. शाळेच्या सहलीत लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेल्यावर मी हा धडा दोनदा तेथेच घेतला. एरवी पाठ न होणारा नियम मुलांच्या ध्यानात राहिला.

एकवचनाची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या परिसरात दर हिवाळ्यात दिसते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. जुन्नरचा विघ्नहर असो वा आंबेगावचा भीमाशंकर, फडाजवळ कोपी उभ्या राहतात. या मजुरीच्या हिशेबात ‘कोयता’ नावाचे एकक आहे. एक कोयता म्हणजे एक हत्यार नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको असे दोघे. उचल कोयत्यामागे ठरते, मुकादम किती कोयते आणले ते सांगतो. एकटे माणूस आले तर तो ‘अर्धा कोयता’. हे अस्सल समूहवाचक नाम आहे, पण कोणत्याही व्याकरणाच्या यादीत ते मला सापडलेले नाही. श्रेणीच्या एकवचनात माणसांचे बळ एकत्र येत होते. कोयत्याच्या एकवचनात दोन माणसांतले एक दिसेनासे होते. ऊस दोघे तोडतात. मोळी बांधून डोक्यावरून वाहण्यात बाईचा वाटा मोठा. पहाटे उठून भाकरी ती करते, लेकरू तिच्या पाठीशी. पण हिशेबाच्या वहीत कोयता एक, आणि पैसा बहुधा पुरुषाच्या हाती पडतो. ज्यांची आईवडील असे कोयते होऊन गेली, अशी मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत. ‘कपल’ हा शब्द शिकविताना मी त्यांना विचारीत असे, की ‘द कपल वर्क्स’ लिहावे की ‘द कपल वर्क’? कारखान्याच्या दृष्टीने पहिले वाक्य. पण कोण किती वाजता उठते, कोणाच्या डोक्यावर मोळी असते, हे सांगावयाचे असेल, तर अनेकवचनाखेरीज सांगताच येत नाही.

काही इंग्रजी शब्दांनी हा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे. ते दिसतात एकवचनी, पण त्यांना क्रियापद नेहमी अनेकवचनी लागते : ‘पोलीस’, ‘कॅटल’, ‘पीपल’. आपण ‘पोलीस आला’ असे म्हणतो, म्हणून मुले ‘द पोलीस इज कमिंग’ लिहितात. इंग्रजीत ‘पोलीस’ म्हणजे सारे दल. एकटा आला तर ‘पोलीसमन’ किंवा ‘पोलीस ऑफिसर’. ‘कॅटल’ म्हणजे आपली गुरेढोरे, मराठीतही बहुवचनीच. ती मोजताना इंग्रज डोकी मोजतो आणि ‘ट्वेंटी हेड ऑफ कॅटल’ म्हणतो, ‘हेड्स’ नव्हे.

‘पीपल’वर मात्र थोडे थांबावेसे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या शिक्षणसंस्थेचे नाव ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’. याच संस्थेने पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्या नावात दोन समूह आहेत. ‘सोसायटी’ हे समूहवाचक नाम, एकवचनात, संस्थेचे अखंडत्व सांगणारे. ‘पीपल’ हा लोकांचा शब्द, अनेकवचनी. म्हणूनच इंग्रजीत लिहिताना स्वामित्वदर्शक स्वल्पचिन्ह ‘एस’च्या आधी येते, नंतर नाही, नंतर दिले तर अर्थ ‘अनेक राष्ट्रांची’ असा होऊ लागतो. फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर हे चिन्ह बरेचदा चुकीच्या जागी पडते किंवा गळून जाते.

हाच शब्द संविधानाच्या उद्देशिकेच्या आरंभी आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी मतदान करून संविधान स्वीकारले ते संविधान सभेने; ‘असेंब्ली’ हे शुद्ध समूहवाचक नाम आहे. सभेने स्वीकारले, असे लिहिणे व्याकरणदृष्ट्या आणि घटनाक्रमाच्या दृष्टीनेही बरोबर झाले असते. पण उद्देशिकेतील वाक्याचा कर्ता सभा नाही. कर्ते ‘आम्ही’ आणि ‘लोक’ आहेत, दोन्ही अनेकवचनी. सभा तेथे केवळ निर्णय झाला ती जागा म्हणून सप्तमीसारख्या अर्थाने येते. दहावीच्या वर्गाला हे वाक्य मी दरवर्षी पृथक्करणासाठी देत असे. कर्ता शोधा, क्रियापद शोधा. मुख्य क्रियापद फार उशिरा, अगदी अखेरीस सापडते, आणि ते सापडेपर्यंत न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांतून वाट काढावी लागते. काही मुले कर्ता म्हणून ‘इंडिया’ लिहीत. देश हा एकवचनी शब्द मोठा वाटतो, म्हणून असेल. त्यांना पुन्हा वाक्याच्या पहिल्या शब्दाकडे पाठवावे लागे.

आता व्यवहाराच्या एकदोन गोष्टी. इंग्रजी अहवाल लिहिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांतील भेद ध्यानी घ्यावा. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर फ्रॉम आंबेगाव’, म्हणजे अनेक विद्यार्थी आंबेगावचे आहेत. येथे क्रियापद विद्यार्थ्यांचे. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज इन्क्रीजिंग’, म्हणजे संख्या वाढते आहे. येथे क्रियापद संख्येचे. ‘स्टाफ’ हा शब्दही फसवा आहे. ‘वुई हॅव टेन स्टाफ्स’ असे लिहू नये. ‘टेन मेंबर्स ऑफ स्टाफ’ लिहावे. ‘स्टाफ्स’चा अर्थ दहा संस्थांचे दहा कर्मचारीवर्ग, किंवा दहा काठ्या, असाही होईल.

शेवटचा शब्द या स्मरणिकेच्या वाचकांचाच आहे. ‘ॲलम्नाय’ हा समूहवाचक शब्द नाही. तो लॅटिनमधून आलेला साधा अनेकवचनी शब्द आहे. ‘आय ॲम ॲन ॲलम्नाय ऑफ धिस स्कूल’ असे कित्येक जण अभिमानाने लिहितात. एकट्या माजी विद्यार्थ्याला ‘ॲलम्नस’ म्हणावे, विद्यार्थिनीला ‘ॲलम्ना’. समूहासाठी ‘ॲलम्नाय असोसिएशन’. तेथे ‘असोसिएशन’ हे समूहवाचक नाम असल्यामुळे क्रियापद ‘इज’. मेळाव्याचा फलक छापण्यास देण्यापूर्वी कोणी तरी तो मला दाखवावा. मागील वेळी दाखविला नव्हता.